पाचवं चाक

उमरेडच्या रस्त्यावर धुकं होतं. शेजारी मुलगी बसली होती, दिपाली. पण मधूनच मला वाटायचं, तिची आई बसली आहे. रुख्मिणी अशीच काचेला डोकं टेकून झोपायची. ती माघात गेली. घरात मला ती कुठंच सापडत नाही. गाडीत सापडते.

ही गाडी विकावी असं दिपालीचं म्हणणं. "तुम्ही एकटे चालवता बाबा, मला पुण्यात झोप लागत नाही. आज मावशीकडे जाऊन येऊ. मला भीती वाटली तर चाबी माझ्याकडे."

पाचगावच्या पुढं फटफट आवाज आला. मागचं डावं चाक बसलं होतं. जोरात ब्रेक न मारता मी गाडी कडेच्या सपाट जागेत घेतली. चारही इंडिकेटर लावले, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. दिपालीला दूर बाभळीखाली उभं केलं. मागं लांबवर लाल त्रिकोण ठेवला आणि पुढच्या उजव्या चाकाला दगड लावला.

"दगड कशाला?"

"गाडी जॅकवरून घसरू नये म्हणून."

मग डिकीतून स्टेपनी काढली. तिच्यावर कुंकवाचं बोट होतं, काळं पडलेलं. अंगठ्यानं दाबलं. रबर आत गेलं.

मी तिथंच मातीत बसलो. दर दसऱ्याला रुख्मिणी गाडीची पूजा करायची. चार चाकं झाली की मी म्हणायचो, आटपलं.

"अन् पाचवं काय सावत्र हाये? काढा बाहेर."

मी काढायचो, धुवायचो. कुंकू लावायच्या आधी ती दाबून बघायची. "हे उपाशी हाये. याले हवा भरा, मंग पूजा." यंदा तिचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून घरात सण नव्हता. डिकी कोणी उघडलीच नाही.

एक एसटी धुक्यातून आली, धुक्यात गेली. बाभळीखाली दोघी उभ्या दिसल्या. डोळे पुसले, तर एकटी दिपाली.

मी चाबी तिच्यापुढं धरली. "घे. स्टेपनी मी पाहिलीच नाही."

तिनं चाबी खिशात टाकली. "आईचा पायपंप असेल ना डिकीत?"

होता. ती हवा भरू लागली. "आई साडीत कशी भरायची हो?"

"ती कुठली भरते! मले लावायची."

दिपाली हसली. मग डोळे पुसत पुन्हा पंप मारू लागली.

गाडी जमिनीवर असतानाच मी नट सैल केले, मग जॅक लावला. गाडीखाली हात घातला नाही. चाक बदललं. समोरासमोरचे नट पिळले, गाडी खाली आली तसे पुन्हा पिळले.

दिपालीनं गाडी हळू चालवली. मी रुख्मिणीच्या जागी बसलो. काच थंड होती. मी डोकं टेकलं.

पुढच्या पंक्चरच्या दुकानात माणूस म्हणाला, "बाकीच्या चारही चाकांची हवा पाहू का काका?"

"पंक्चर काढलेलं धरून पाच," दिपाली म्हणाली, आणि चाबी माझ्या हातात ठेवली. "पण दसऱ्याची वाट नाही पाहायची, बाबा. दर महिन्याला. मी फोन करीन."