रॅम्पपुरती जागा

टायपिंगचा वर्ग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना अजून बाईच म्हणत. झटका आला तेव्हा त्या बाथरूममध्ये टॉवेल पिळत होत्या. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, हात थोडासा आला, पाय मात्र आला नाही. तेव्हापासून त्या बॅटरीच्या खुर्चीत होत्या आणि डाव्या हाताच्या एका कळीवर घरभर फिरत. स्वयंपाकघराच्या चौकटीवर खुर्ची घासून घासून रंग उडाला होता. "चालक नवशिका आहे," असं त्या आल्यागेल्याला सांगत आणि स्वतःच हसत.

मुलगा एकुलता एक. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. बाजारातल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याची प्रयोगशाळा होती. दिवसभर दिव्याखाली वाकून तो मेणात दात बसवायचा. त्याची बायको केव्हाच निघून गेली होती. त्याला कारण आई नव्हती, पण आईला तसं वाटायचं, आणि तसं नाही हे मुलानं कधी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

सकाळी आईचं सगळं तोच करायचा. उचलायच्या यंत्राचा पट्टा तिच्या पाठीखालून घ्यायचा, तिला पलंगावरून उचलून बाथरूमच्या खुर्चीत ठेवायचं, अंघोळ, कपडे, मग परत उचलून बॅटरीच्या खुर्चीत. घाई केली की तिचा उजवा हात पट्ट्यात अडकायचा. त्यामुळे घाई करता यायची नाही. दुपारी मदतीला एक बाई यायची, पण सकाळ त्याची.

त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली होती. तिचा बाजूचा दरवाजा सरकला की आतून लोखंडी रॅम्प बाहेर यायचा आणि बाई खुर्चीसकट खाली उतरायच्या. व्हॅनच्या नंबरप्लेटवर खुर्चीची खूण होती. पण त्या खुणेचा अर्थ एवढाच की गाडीत फेरफार केलेत. राखीव जागेत गाडी लावायला वेगळं निळं कार्ड लागायचं, आणि ते गाडीचं नसून माणसाचं होतं. त्यावर बाईंचा फोटो होता. फोटोग्राफरनं हसायला सांगितलं तेव्हा अर्धाच चेहरा हसला होता. कार्ड आरशाला अडकवलेलं असायचं.

दर रविवारी ते दोघं ताईकडे जात. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. तिला दिसत नव्हतं आणि आता आठवतही नव्हतं. एका चढाच्या रस्त्यावर, अगदी वरच्या टोकाला म्हाताऱ्यांचं एक निवासगृह होतं, तिथे ती राहायची. रस्ता अरुंद, दोन्हीकडून बस जायची, कुठे थांबायची सोय नाही. फक्त निवासगृहाच्या दारासमोर निळ्या रंगानं आखलेली एक रुंद जागा होती. तिथे गाडी लावली की रॅम्प पूर्ण उघडायचा आणि बाई थेट दारात.

ताई सगळ्यांना विसरली होती. स्वतःच्या मुलाला ती डॉक्टर समजायची. पण बाई आल्या, त्यांनी डाव्या हातात तिचा हात घेतला, की म्हणायची, "चिंगे, किती उशीर."

"अगं, वेळेवर आलेय."

"तुझं नेहमीचंच आहे."

मग बाई तिचे केस विंचरत आणि ताई लहानपणीचं एखादं भांडण पुन्हा उकरून काढायची. तिथली परिचारिका एकदा म्हणाली होती, "तुमच्यात खंड पडत नाही ना, म्हणून त्या तुम्हाला धरून आहेत. येत राहा."

इकडे मुलाला कामावर उशीर व्हायला लागला होता. आईचं आवरून बाजारात पोचेपर्यंत गाडी लावायला कुठेच जागा उरायची नाही. तो पार नदीकडच्या मैदानात गाडी लावून धापा टाकत यायचा. मालक आधी नुसते घड्याळाकडे बघायचे. नंतर म्हणाले, "तुझा हात चांगला आहे, म्हणून गप्प बसलोय. पण रोज रोज हे चालणार नाही."

इमारतीच्या खाली, शेजारच्या व्यायामोपचाराच्या दवाखान्यासमोर, एक निळी जागा होती. बऱ्याचदा ती रिकामीच दिसायची. एके दिवशी, फारच उशीर झाला होता तेव्हा, त्यानं व्हॅन तिथे लावली. कार्ड आरशाला होतंच. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नदीकडे गाडी वळवली, पण निम्म्यातून परत आला. पुढे पुढे तर तो सवयीनं तिथेच वळायचा. वेळेवर पोचायला लागला. मालकांनी त्याला अवघड कामं द्यायला सुरुवात केली. घरी तो आईशी जास्त बोलू लागला, कधी शिट्टी वाजवायचा. बाईंना वाटलं, पोराच्या मागचं काहीतरी सुटलं एकदाचं.

शनिवारी संध्याकाळी तो घरी आला आणि बूट न काढताच पलंगाच्या कडेला बसला.

"उद्या ताईकडे जाता येणार नाही," तो म्हणाला.

"का रे? गाडी बिघडली?"

"कार्ड काढून घेतलं."

बाईंना आधी समजलंच नाही. त्याला सगळं सांगावं लागलं. कुणीतरी तक्रार केली होती. तपासनीस येऊन उभा राहिला होता. मुलगा जिना उतरून आला तेव्हा त्यानं विचारलं, हे कार्ड ज्यांचं आहे त्या कुठायत? मुलाच्या तोंडून निघून गेलं, शेजारी दवाखान्यात. तपासनीस म्हणाला, चला, भेटू त्यांना.

"मग?"

"मग काय. आता सुनावणी आहे. तू यायचंस." तो खाली बघत म्हणाला, "आई, तू सांगशील ना, त्या दिवशी तू बरोबर होतीस म्हणून? तेवढं म्हटलंस तर ताकीद देऊन सोडतील. नाहीतर कार्ड वर्षभर तरी गेलं."

बाईंनी उभा जन्म वर्गातल्या मुलींना एकच शिकवलं होतं, चुकलेलं अक्षर खोडू नका, पान नव्यानं घ्या. त्या मुलाकडे बघत राहिल्या. त्याच्या नखांत गुलाबी मेण अडकलेलं होतं.

"सांगीन," त्या म्हणाल्या.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागच्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती, त्या मधूनमधून रुमाल नाकाला लावत होत्या. बाईंच्या खुर्चीला जागा करायला कपाटाशेजारची दोन बाकडी बाहेर न्यावी लागली. तक्रार करणारा माणूस भिंतीला टेकून बसला होता. त्याची बेकरी होती, बाहीवर पीठ होतं. त्याच्याजवळ आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्या होत्या आणि हनुवटीवर नुकतीच भरत आलेली जखम.

"आजी, त्या दिवशी तुम्ही गाडीत होतात का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "मागे होते."

"खुर्चीत?"

"खुर्चीत."

अधिकारी बाईंनी तपासनिसानं काढलेला फोटो त्यांच्यापुढे सरकवला. व्हॅनच्या मागच्या भागात खुर्ची नव्हती. खुर्ची बसते त्या जागी मेणाचे डबे रचलेले होते, आणि त्यावर मुलाचा कोट.

बाई फोटोकडे बघत राहिल्या. झटक्यानंतर शब्द सापडायला वेळ लागायचा, तसं झालंय असं कुणाला वाटावं म्हणून त्या नुसत्या ओठ हलवत राहिल्या. आणि आपण हे मुद्दाम करतोय हे त्यांचं त्यांना कळत होतं.

"राहू दे, आजी. पाणी घ्या," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मग त्यांनी बेकरीवाल्याला बोलायला सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"आमचा रोजचा व्यायाम असतो तिथे. ही व्हॅन रोज दिसायची. मला वाटलं, कुणीतरी आपल्यासारखंच येत असेल. म्हणून मी पुष्कळ दिवस काही बोललो नाही. आम्ही पुढच्या चौकात गाडी लावून चालत यायचो. एके दिवशी ही पडली. दात तुटला पुढचा." त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला उचललं तेव्हा हा माणूस त्या व्हॅनमधून उतरला आणि आमच्याकडे बघून जिना चढून गेला. धडधाकट. तेव्हा कळलं मला. बाकी काही म्हणायचं नाही."

मुलगी बाईंच्या खुर्चीकडे टक लावून बघत होती. जाताना तिनं विचारलं, "ही पायऱ्या चढते?"

"नाही गं," बाई म्हणाल्या.

"माझे पाय चढतात. हळूहळू."

कार्ड वर्षभरासाठी गेलं. अधिकारी बाईंनी दारापर्यंत येऊन हलक्या आवाजात सांगितलं, "तुम्ही खोटं बोलला नसतात तर मी निम्म्यावर आणलं असतं, आजी. आता माझ्या हातात नाही."

परतीच्या वाटेवर बाई मागे बसल्या होत्या, मुलगा पुढे. सिग्नलला गाडी थांबली.

"त्या पोरीचा दात," बाई म्हणाल्या.

"मला माहीत होतं का?"

"तुझ्या समोर पडली ती."

"बघितली मी. उशीर होत होता." मग अचानक त्याचा आवाज चढला. "कशामुळे उशीर होतो मला? रोजची सकाळ कुणाचं करण्यात जाते? कार्ड तुझं, वेळ पण तुझ्यासाठीच जातो. एवढी एक जागा घेतली मी. एवढीच."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठे त्यानं गाडी हलवली.

सुनावणीनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी प्रयत्न करून पाहिला. चढाच्या पायथ्याशी गाड्यांचं मैदान होतं, त्याच्या कडेला रॅम्प उघडता आला. पण वर जाणाऱ्या फुटपाथला मधेमधे पायऱ्या होत्या आणि रस्त्यावरून बस. बॅटरीची खुर्ची पहिल्याच पायरीशी अडली. तिचं वजन असं की दोन माणसांनाही उचलेना. ते परत फिरले. मैदानात साध्या जागेत उभ्या व्हॅनची नंबरप्लेट बघून एकजण म्हणाला, "तुम्हाला वर खास जागा असते ना हो, इथली कशाला अडवता?" मुलानं व्हॅनचं दार ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी त्याची पाठ धरली होती. त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनीच विषय काढला नाही. फोन लावला तर ताईला फोनमधला आवाज कुठून येतो तेच कळायचं नाही, ती घाबरून ओरडायची. परिचारिकेनं सांगितलं, फोन नका करू. ताईचा मुलगा परगावी. तो म्हणाला, "मावशी, तुला जमत नसेल तर राहू दे. तिला कुठे कळतंय."

रविवार येत होते आणि जात होते. बाई खिडकीशी बसत. मुलगा परत नदीकडे गाडी लावू लागला होता, परत उशिरा पोचत होता. अवघड कामं मालकांनी दुसऱ्याकडे दिली. आता पट्टा पाठीखालून घेताना तो बोलत नसे. बाईही दुखलं तरी सांगत नसत.

एका रविवारी सकाळी तो शेजाऱ्यांकडून हातानं ढकलायची घडीची खुर्ची घेऊन आला.

"चल," म्हणाला.

त्या खुर्चीत बाई उजवीकडे कलत होत्या. त्यानं एक चादर दुमडून त्यांच्या छातीभोवती आणि खुर्चीच्या पाठीभोवती बांधली. पायथ्याशी उतरल्यावर त्यानं खुर्ची उलटी फिरवली आणि तो एकेक पायरी मागे ओढत चढायला लागला. बाईंचं तोंड उताराकडे होतं. त्याचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, श्वास ऐकू येत होता. प्रत्येक पायरीला चादर काचत होती. वाटेत एका दूधवाल्यानं पुढून खुर्चीचे पाय धरले आणि काही न विचारता दोन टप्पे चढवून दिले. निवासगृहाच्या दारासमोरची निळी जागा रिकामी होती.

ताईचे केस बारीक कापले होते. निगा राखायला सोपं जातं, परिचारिका म्हणाली. त्या केसांत ताई कुणी शाळकरी मुलगा असावा तशी दिसत होती. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"ताई, मी आलेय. चिंगी."

ताईनं हात काढून घेतला. "कोण?"

"अगं, चिंगी."

"चिंगी येत नाही," ताई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, एखादी माहिती सांगावी तसं ती म्हणाली. "तुम्ही कोण? माझी पिशवी तुम्ही घेतलीत का?"

बाईंनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा ती भिंतीकडे सरकली आणि परिचारिकेला हाका मारू लागली. परिचारिका आली, तिनं ताईला थोपटलं. "आज त्यांचा दिवस बरा नाही," ती बाईंना म्हणाली. मग बाहेर आल्यावर मुलाला म्हणाली, "खंड फार पडला हो." बाईंना तेही ऐकू आलं.

उतरताना त्यानं खुर्ची पुन्हा उलटी धरली, म्हणजे आता बाईंचं तोंड चढाकडे होतं. मैदानात आल्यावर त्यानं चादर सोडली. ब्लाउजच्या कडेशी छातीवर लाल वळ उठला होता. तो वळ पाहून मुलगा रॅम्पवर खाली बसला.

"बोलली का काही?" त्यानं विचारलं. तो दाराबाहेर उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.

"नाही ओळखलं."

"पुढच्या वेळी ओळखेल."

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि तूही आता हे ओढू नकोस. पाठ जाईल तुझी."

मैदानातून एक गाडी बाहेर पडली, दुसरी तिच्या जागी आली. बाईंनी ब्लाउजवर चादरीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या त्या डाव्या हातानं सारख्या केल्या.

"तुला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "मलाही अशाच एखाद्या ठिकाणी ठेव. तिथे सकाळची माणसं असतात. तुझी सकाळ मोकळी होईल."

त्या त्याच्याकडे बघत थांबल्या. काहीतरीच काय बोलतेस, असं तो म्हणेल, रागावेल, निदान तोंड फिरवेल, असं त्यांना वाटलं होतं. तो बराच वेळ तळहात बघत बसला. ओढून ओढून ते सोलवटले होते.

"चौकशी करतो," तो म्हणाला.

मग तो उठला आणि खुर्ची रॅम्पवरून आत घेऊ लागला.