शिवणीत अडकलेलं अस्तर

मित्रांनो, माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसून गेली आहे, चाकाचा काळा रंगही उडालाय. पण पायडल दाबून तर बघा, अजून कशी धावते! मी शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची जुनी शिलाई मशीन. कारखान्यातून खोक्यात बसून निघाले, ती थेट त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आले.

शाळेचे गणवेश, लग्नाचे कोट, बाळांची झबली, सगळं आम्ही दोघांनी शिवलं. "कापड फाटेल, पण मास्तरांची शिवण उसवणार नाही," असं गिऱ्हाईक म्हणालं की मी फुलून जायचे. माझा आवाज जरा बदलला, तर मास्तर हातातलं काम टाकून मला उघडत. "बाईसाहेब कुरकुरतायत," म्हणत तेल घालत.

स्वतःची कुरकुर मात्र ते ऐकेनात.

आधी ते सारखे उठून आत जाऊ लागले. परत येताना चेहरा पिळवटलेला. लघवीला जळजळ, अंगात कणकण, आणि लघवीतून चक्क हवेचे बुडबुडे! सांगायचं कुणाला? त्यांनी पाणी पिणंच टाळलं. मग एकदा दार लावून त्यांनी चिंध्यांच्या जाड घड्या माझ्याकडून शिवून घेतल्या, कपड्यांच्या आत लावायला. माप न घेता शिवलेलं माझ्या आयुष्यातलं तेवढंच काम.

त्यातली एक घडी बायकोला चिंध्यांच्या टोपलीत सापडली. लघवीच्या डागाला शौचाचा वास होता.

"लाजेपायी मरणार होतात का?" एवढंच ती म्हणाली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

मास्तरांच्या मोठ्या आतड्याला बारीक फुगवटे आले होते. त्यातला एक सुजून पिकला, मूत्राशयाला चिकटला आणि दोघांमध्ये आरपार वाट पडली, लघवीत हवा येत होती ती तिथूनच. ती बंद केली नाही, तर जंतू रक्तात जाऊन जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले. पण औषधांनी ताप उतरला आणि मास्तर ऑपरेशनला नाहीच म्हणू लागले.

एका दुपारी थकल्या हातांनी शिवताना एका जुन्या कोटाचं विरलेलं अस्तर खिशाच्या शिवणीत अडकलं. ओढताना अस्तर आणि खिसा दोन्ही फाटले. मास्तरांकडून, आणि अशी नवशिक्याची चूक!

"वरून रफू करा की," बायको म्हणाली.

"विरलेलं कापड टाका धरतं का? आधी उसवायचं, खराब तेवढं कापून टाकायचं, मग चांगल्याला चांगलं जोडायचं."

"मग डॉक्टर वेगळं काय सांगतायत हो?"

मास्तरांचा पाय पायडलवर तसाच थांबला.

ते ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा मी चादरीखाली होते. ना तेल, ना दोरा. चाकाला गंज चढला. घर इतकं गप्प, की मला माझीच धडधड आठवायची.

आतड्याचा खराब तुकडा काढला, टोकं जोडली, मूत्राशयाचं भोक शिवलं. लघवीची नळी निघाल्यावर मास्तर घरी आले. थोड्या वेळाने आतून आरोळी आली, "अगं, बुडबुडे नाहीत! एकही नाही!"

"हळू बोला, गल्लीला ऐकू जाईल!"

"जाऊ दे!"

मित्रांनो, त्या घड्यांतल्या कोऱ्या उरलेल्या घड्यांनी मास्तर आता माझं सांडलेलं तेल पुसतात. तुमच्या घरात कुणी सारखं उठून जात असेल, पाणी टाळत असेल, तर हसू नका. जवळ बसा आणि हळूच विचारा. मला विचारता आलं नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.