ओतिलियाचं खेचर

सिनेमा संपला, दिवे लागले, तरी फिदेन्सियो म्हातारा मांडीवर टोपी धरून ताठ बसून होता. पन्नास वर्षांपूर्वी घोडेस्वारांचा तो चक्रम सिनेमा दुरांगोच्या याच माळरानावर, याच गावकऱ्यांना घेऊन काढला होता. पाद्रीबुवांनी त्याला पाप ठरवलं, राजधानीकरांनी डोक्यावर घेतलं. भोगलं मात्र म्हाताऱ्याच्या बायकोनं. सिनेमात खेचराच्या शवपेटीमागं ऊर बडवत चालणारी पहिली बाई म्हणजे तीच, ओतिलिया. त्यानंतर मरेपर्यंत मेरीमातेच्या पालखीला तिचा खांदा कुणी लागू दिला नाही. तिच्या नावावरचा डाग आज गावादेखत धुऊन काढायचा, एवढ्यासाठीच म्हातारा शाळेतल्या या खेळाला आला होता.

सिनेमावर बोलायला आलेले राजधानीचे प्राध्यापक उभे राहिले. "पेटीतलं खेचर म्हणजे माजलेली सत्ता! दिग्दर्शक ओसोर्नोंच्या प्रतिभेची झेप पाहा..."

"कसली सत्ता नि कसली झेप!" म्हातारा कडाडला. "ती आमची पालोमा होती. त्याच सकाळी पोटशूळानं गेलेली."

लोक खो खो हसले. प्राध्यापक गोरेमोरे झाले. "मग काका, ती पेटीत कशी गेली?"

"तुमच्या ओसोर्नोनं रिकामी पेटी आणली आणि बायकांना म्हणाला, रडा. रिकाम्या पेटीवर रडलं की ती घरातलं माणूस मागते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तो दगडावर चढून थयथयाट करतोय, आणि एक बाई जागची हलेल तर शपथ! तेव्हा माझी ओतिलिया म्हणाली, माझं खेचर मेलंय, ते ठेवा आत, मी मनापासून रडते. सुतारानं फळ्या ठोकून पेटी वाढवली, तरी पाय बाहेरच. तेच पाय त्यानं जगभर मिरवले." म्हातारा गावकऱ्यांकडे वळला. "तिनं धर्म नाही बुडवला रे. गावावरचं मरण टाळलं."

पालखीचा मान सांभाळणारी एर्मेलिंदा म्हातारी काठी टेकत उठली.

"पेटीमागं तिच्या पाठोपाठ चालणारी मीच होते," ती म्हणाली. "शाल तोंडावर ओढलेली, म्हणून कुणी ओळखलं नाही. पाद्रीबुवांनी कोण कोण होतं विचारलं तेव्हा मी नुसतं ओतिलियाचं नाव सांगितलं. तिनं माझं नाही सांगितलं."

मग तिनं डोक्यावरची शाल खाली घेतली. "तेवढा भाग परत लावा."

पुन्हा अंधार झाला. पडद्यावर पेटी आली, पालोमाचे पाय आले, या खेपेला कुणी हसलं नाही. ओतिलिया दिसली तसा फिदेन्सियो उभा राहिला आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा म्हणाला, "ती माझी बायको."