तीन आयतवार

पहिल्यांदाच सांगून टाकते, मी नास्तिक न्हाई आनि येडीबी न्हाई. गावात दोन्ही बोललं जातं, म्हनून सांगितलं. मी बायडाबाई, काकासाहेबाची बायको, जातीची रोमन कॅथलिक किरिस्ताव. जपमाळ रोज म्हनते, मतमाउलीच्या, म्हंजे मारिया आईच्या, यात्रेला पायी जाते. पन भर मिस्सात, आयतवारच्या उपासनेत, उठून मी फादरला एक सवाल इचारला, आनि उत्तर मिळंपर्यंत हटले न्हाई. एवढंच काय ते झालं.

आमचं गाव शेवगावच्या अंगाला. मधून ओढा. अलीकडं आमी रोमन आनि आमचं चर्च, पलीकडं मिशनवाले, तेबी किरिस्ताव पन पोपाला न माननारे, आनि त्यांचं दगडी चर्च, त्याला ते देऊळ म्हनतात. माझं माहेर पलीकडं, सासर अलीकडं. लग्नाच्या वक्ताला तवाच्या जर्मन फादरनं मला रोमन करून घेतलं आनि बजावलं, आता त्या देवळात पाय टाकायचा न्हाई, टाकला तर पाप. मी सतरा वर्सांची. व्हय म्हनले. सतरा वर्सांच्या पोरीला पाप काय आनि पुन्य काय, नवरा बरा हुता.

पुढं माझी आई वारली. साळूबाई तिचं नाव. फादरनं सकाळीच निरोप धाडला, घरी जाऊन तोंड बघ, देवळात जाऊ नको. मी घरी गेले, तोंड बघितलं, रडले. मग तिला देवळात नेलं तशी मी मागं मागं दारापर्यंत गेले आनि लिंबाखाली थांबले. कडेवर थोरली पोरगी. माझा भाऊ आमोस दारात आला.

"आई आत हाय, बायडे," म्हनला.

मी म्हनले, "फादरनं सांगितलंय..."

त्यानं पुढं ऐकूनच घेतलं न्हाई. "मंग ऱ्हा बाहेर," म्हनला आनि आत गेला.

आत गायन सुरू झालं. आई जात्यावर बसली की म्हनायची, तेच. मला न्हाई ऱ्हावलं. मी लिंबाखालीच उभी ऱ्हाऊन त्यांच्याबरुबर म्हनले, शेवटच्या कडव्यापर्यंत.

कुनीतरी ते फादरच्या कानावर घातलं. पाऊस पडो न पडो, आमच्या वस्तीत चुगलीचं पीक बारमाही. मला शिक्षा झाली. तीन आयतवार चर्चच्या दारात गुडघ्यावर, मिस्सा सुरू झाल्यापासून संपंपर्यंत. सगळी वस्ती माझ्या बाजूनं आत गेली. माझा नवराबी गेला. मान खाली घालून गेला, पन गेला. आनि आमोसनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलनं टाकलं. वाटंत समोर आला तर तळहातावर तंबाखू मळत खाली बघायचा. त्याला आता एकवीस वर्सं झाली.

हे झालं जुनं. आता नवं ऐका. बहात्तरचा पाऊस आलाच न्हाई, आनि त्र्याहत्तरच्या जानेवारीत एका आयतवारी आमचे नवे फादर भर मिस्सात प्रवचन झाल्यावर म्हनले, "येत्या गुरुवारी आपण सगळ्यांनी मिशनच्या देवळात जायचं आहे. दोन्ही मंडळ्यांनी एकत्र प्रार्थना करायची आहे. ते आपले भाऊ आहेत."

हे फादर इनास. वसईकडचे, पोरसवदा, बोलनं पुस्तकातल्यासारखं. मानूस सोन्यासारखा, ते मला कबूल हाय. पन ते वाक्य ऐकलं आनि माझ्या पायाखालची सतरंजी तापली. मी शेजारच्या बाईकडं बघितलं. ती जांभई देत हुती.

मी उठले. मिस्सात बाईनं उठून बोलायची आमच्यात रीत न्हाई. "फादर, त्या देवळात जानं पाप हाय ना?"

"नाही बाई. पूर्वी तसं सांगत असत. आता रोमला मोठी सभा झाली, पुष्कळ गोष्टी बदलल्या. तुम्ही पाहताच, मिस्सासुद्धा आपण आता मराठीत करतो."

"मराठी आली ते ब्येस झालं. पन पाप बदलतं व्हय?"

"पाप बदलत नाही. नियम बदलतात."

"मंग मी आईच्या मातीला लिंबाखाली गायले, त्यो काय मोडला? नियम का देवाची आज्ञा?"

त्यांना माझी गोष्ट ठाऊक असनार. चर्चमदी सगळे खाली बघाया लागले. फादर इनास खोटं बोलले न्हाईत. "नियम," म्हनले.

"नियम मोडला, तर देवाच्या नावानं शिक्षा कशी काय दिली?"

"बाई, मिस्सानंतर माझ्या खोलीत या. आपण शांतपणे बोलू."

"माझी शिक्षा चारचौघांत झाली," मी म्हनले. "उत्तर खोलीत कशाला?"

नवऱ्यानं मागून पदर ओढला. घरी आल्यावर म्हनला, "कशाला जुनी मढी उकरतीस? फादर भला मानूस हाय."

"भला हाय म्हनूनच इचारलं. जर्मनाला इचारायची माझी छाती न्हवती."

"त्यो मेला कवाच. आता कुनाकडून काय घ्यायचं?"

"मी काय मागतीया ते तुमाला कळायचं न्हाई," मी म्हनले. "तुमी तवा माझ्या बाजूनं आत गेलात." त्यो भाकर खाऊन उठला.

सोमवारी खडी फोडायच्या कामावर गेलो. दुष्काळी कामावर रोमन न्हाई, मिशनवाला न्हाई, मराठा न्हाई, सगळ्यांच्या हातात हातोडा. आमोसची बायको दीना माझ्या शेजारी बसायची. तिचा नवरा बोलत नसला तरी ती बोलायची. तिनं सगळं ऐकलं हुतं.

"वन्सं, आमच्यात परत या की," म्हनली. "आमच्याकडं पोप न्हाई का फादर न्हाई. पुस्तक उघडायचं, वाचायचं, ज्याचं त्यानं समजून घ्यायचं."

"अस्सं? मंग एकवीस वर्सं बहिनीशी बोलू नये, हे तुझ्या नवऱ्यानं कुठल्या पानावर वाचलं?"

दीनाचा हातोडा थांबला.

"आमच्यात फादर बाहेर उभं करतो," मी म्हनले. "तुमच्यात ज्याचा त्यो करतो. मला कुठं यायचं न्हाई, बाई. मी रोमन हाय, रोमनच ऱ्हानार. घर माझं हाय, तर घरातल्यानं माझा न्याय करावा." तिला वाईट वाटलं असंल. मलाबी वाटलं. पन जे खरं ते खरं.

मंगळवारी दिवस मावळायला फादर इनास सायकल घेऊन घरी आले. मी कोरा चहा ठेवला, दुधाचा तर पत्ताच न्हवता. ते पाटावर बसले आनि सरळ म्हनले, "बायडाबाई, मी तुमची माफी मागतो."

"तुमी कशापायी? तुमी तवा वसईला पाटी पुशीत असाल."

"मग तुम्हाला काय हवं?"

"ज्या दारात मला गुडघ्यावर बसवलं, त्याच दारात सगळ्यांदेखत सांगा, की ते पाप न्हवतं. बास."

त्यांनी कप खाली ठिवला. "मी एकटा चर्चच्या वतीनं असं बोलू शकत नाही. बिशपांना विचारावं लागेल."

"शिक्षा देताना त्या फादरनं कुनाला इचारलं हुतं?"

"चर्च चुकलं असं मी म्हटलं, तर लोकांचा विश्वास डळमळेल."

"लोकांचं मला ठाऊक न्हाई," मी म्हनले. "माझा सांगते. एकवीस वर्सं मी जपमाळ हातात घेतली, का मला वाटतं, ही मारिया स्वतः आपल्या पोराच्या मातीला उभी हुती, तिला कुनी बाहेर थांबवलं न्हाई. मंग मला का? हे मी तिला रोज इचारते. आता तुमी म्हनता पाप न्हवतं, पन मोठ्यानं म्हनत न्हाई. मोठ्यानं म्हनला न्हाईत, तर ही माळ मी खुंटीला लावनार, सांगून ठिवते."

ते उठले आनि गेले. दुष्काळात साखर घातलेला चहा अर्धा टाकून गेले, म्हनजे मानूस आतून हलला हुता.

गुरवारी सगळी वस्ती ओढ्यातून पलीकडं गेली. ओढा कोरडा ठाक, चपलाबी भिजल्या न्हाईत. मी गेले न्हाई. पाप म्हनलं की थांबायचं, चला म्हनलं की चालायचं, मी काय मेंढरू हाय? मी उंबऱ्यात बसून रेशनची मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, निवडली. गायन ऐकू येत हुतं. म्हनले न्हाई मी.

त्यानंतरच्या आयतवारी घंटा झाली तशी मी चर्चच्या दारात जाऊन उभी ऱ्हायले. त्याच जागेवर. फरक एवढाच, की गुडघे टेकले न्हाईत. मनाशी ठरवलं, तीन आयतवार त्यांनी घेतले, तीन मी घेनार, आनि मंग माळ खुंटीला. लोक आले, बघितलं, बाजूनं आत गेले. कुनी म्हनलं, मिशनचं रक्त हाय, तिकडंच जायचं. म्हना.

सगळ्यांत शेवटी माझा नवरा आला. टोपी हातात. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आनि माझ्या शेजारी उभा ऱ्हायला.

"आत जा," मी म्हनले. "मिस्सा सुरू झाली."

"एकदा गेल्तो की," म्हनला.

मला तिथंच रडू फुटलं. मानूस मनानं वाईट न्हाई हे मला ठाऊक हुतं, पन ते एक वाक्य यायला एकवीस वर्सं लागली.

दुसऱ्या आयतवारी आमच्यामागं चार बाया उभ्या ऱ्हायल्या. फादर इनास कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन दारापर्यंत आले. मी ती घ्यायला तोंड उघडलं न्हाई. "उत्तर आधी, फादर," म्हनले. त्यांचा चेहरा पडला. कम्युनियन मी कधी नाकारलं न्हवतं, बाळंतपनात सुदिक न्हाई. त्या राती मला जेवान गेलं न्हाई.

तिसऱ्या आयतवारी दारात बायाबाप्यांची गर्दी, आत निम्मी सतरंजी रिकामी. आनि बघते तर ओढ्यातून आमोस चढून येतोय. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं. म्हातारा झालाय, चालताना डावा पाय ओढतो. एवढं कधी जवळून बघितलंच न्हवतं. दीनानं त्याला पान दाखवलं असंल न्हाईतर घराबाहेर काढलं असंल. त्यो माझ्या दुसऱ्या अंगाला येऊन उभा ऱ्हायला.

फादरनं शुभवर्तमान वाचलं, पुस्तक मिटलं, आनि वेदीवरून खाली उतरले. सरळ दाराकडं आले. माझ्यासमोर थांबले.

"बायडाबाई, तुम्ही त्या दिवशी केलंत ते पाप नव्हतं."

"मागं ऐकू गेलं न्हाई, फादर."

ते लोकांकडं वळले. "ते पाप नव्हतं," मोठ्यानं म्हनले. "आईच्या मातीला लेक गायली. तिला शिक्षा द्यायला नको होती. आपल्या चर्चनं ती दिली आणि ते चुकलं."

मी हळूच इचारलं, "बिशपांना इचारलं का?"

"पत्र टाकलं आहे," ते म्हनले. "उत्तर अजून आलेलं नाही."

तवा मला त्या पोरापायी बिशपांची भीती वाटली, माझ्यापायी न्हाई. मी त्याच्या हाताला हात लावला आनि उंबरा ओलांडला. मागून नवरा आला, बाया आल्या. मी वळून बघितलं तर आमोस तसाच दारात.

"बायडे," म्हनला. एकवीस वर्सांनी. "मी आत आलो तर चालंल का? आमच्या पाळकाला इचारलं न्हाई."

मी म्हनले, "आई आत हाय, आमोस. ये."

त्यानं वहाना काढल्या.