चार नंबरचं विसळण

ताईंना संस्थेत अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं त्या हंगामीच होत्या. "हंगाम म्हणतात, पण तो संपतो कधी?" असं त्यांचे यजमान दरवर्षी विचारायचे. सासूबाईंनी तर सुनेची नोकरी कधी मान्यच केली नव्हती. बाटल्यांचं काम म्हणजे औषधांचंच असणार, असं त्या शेजारणींना सांगत आणि पुढचे प्रश्न यायच्या आत गुडघेदुखीवर घसरत.

संस्थेचं काम वाईनला गुण देण्याचं. डोंगरातली, समुद्रकाठची, वाळवंटाच्या कडेची, दुकानाच्या खालच्या फळीवरची आणि कुलपातल्या कपाटातली अशा सगळ्या वाईन तिथे येत. शंभरपैकी गुण असत, पण साठाच्या खाली कोणी देत नसे, कारण साठाच्या खाली व्हिनेगर सुरू होतं असा समज होता. पंचाहत्तरला पोचलेली वाईन संस्थेच्या पुस्तिकेत छापली जाई. दुकानदार पुस्तिका बघून माल मागवत. पंचाहत्तरच्या खाली राहिलेल्यांनी आपली वाईन आपणच प्यावी.

गुण देणारे पाच जण होते. त्यांचे अध्यक्ष तेच संस्थेचेही अध्यक्ष, आणि त्यांच्या नाकाचा दबदबा मोठा होता. दुसऱ्या, वर्तमानपत्रात वाईनवर लिहिणाऱ्या एक लेखिका. तिसरा अध्यक्षांचा मेहुणा, हीच त्याची पात्रता. उरलेले दोघे पहिल्या तिघांशी सहमत होण्यासाठी येत. पाचही जण नाकाने कांदे सोलणारे, पण ताईंशी मात्र नीट बोलायचे, कारण त्यांना हवं ते ताईंच्या हातात असायचं.

अध्यक्षांनी एक पद्धत पाडली होती. धुतलेल्या ग्लासाला कपाटाचा वास येतो, म्हणून त्यात आधी थोडी साधी वाईन ओतायची, ग्लास फिरवून आतून ओला करायचा आणि ती वाईन टाकून द्यायची. "ग्लासाची वाईनशी ओळख करून द्यायची," असं ते म्हणत. या ओळखीसाठी टेबलाखाली एक पुठ्ठ्याचं खोकं असे. पाच लिटरचं, प्लास्टिकच्या तोटीचं, बाजारातलं सगळ्यात स्वस्त. ताई त्याला विसळण म्हणत.

त्या सकाळी सहा लाल वाईन होत्या. सहा बाटल्या, सहा कापडी पिशव्या, पिशवीवर नंबर आणि गळ्याशी घट्ट दोरी. आत कोणती बाटली आहे हे फक्त ताईंच्या यादीत. परीक्षकांना एवढंच माहीत की सहांत एक फार महागडी आहे. मग गुण देणं म्हणजे ती कोणती हे ओळखणं, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

पाच जणांचे मिळून तीस ग्लास. ताईंनी तिसांत विसळण ओतलं. अकरा वर्षांची सवय, त्यामुळे कुठलीही वाईन त्यांच्या हातून दोन बोटंच पडे, ना कमी ना जास्त. आता ग्लास फिरवून रिकामे करायचे, तेवढ्यात कार्यालयातून कारकुनाची हाक आली.

"ताई, तुमचं कायम करण्याचं पत्र टाइप होतंय. जन्मतारीख सांगा, आणि तुमच्या फाइलमधला नेमणुकीचा जुना कागद शोधून द्या. साहेब आजच सही करणार आहेत."

ताईंचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्यांनी जन्मतारीख दोनदा सांगितली, दोन्ही वेळा बरोबर. कागद शोधायला वीस मिनिटं गेली. परत येताना त्या घरी काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या. यजमानांना म्हणणार होत्या, संपला बाई एकदाचा हंगाम.

चाखण्याच्या खोलीच्या काचेच्या दाराशी त्या थबकल्या. अध्यक्षांचं दुपारी दुसरीकडे भाषण होतं, म्हणून ते पंधरा मिनिटं लवकर आले होते. भरलेले ग्लास बघून त्यांनी घंटा वाजवली होती. पाच जण पाच टेबलांवर बसून पाच नाकं सहा-सहा ग्लासांत घालत होते. बाजूच्या मेजावर सहा पिशव्या दोरी बांधलेल्या तशाच उभ्या.

घंटा झाली की गुण लिहून होईपर्यंत कोणी आत जायचं नाही, कोणी बोलायचं नाही, असा नियम. ताईंच्या पाचावर धारण बसली. दार ठोठावायला हात वर गेला. मग पत्र आठवलं आणि हात आपोआप खाली आला. नियमच आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खरं कारण नाही हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

आत एकच खोकं तीस ग्लासांतून चाखलं जात होतं. तीन नंबरच्या वेळी अध्यक्षांचा खिशातला फोन थरथरला, म्हणून त्यांनी घोट घाईने थुंकला. बाकीच्या चौघांनी ते पाहिलं आणि गुणांच्या तक्त्यावर पेन्सिली खाली सरकवल्या. चार नंबरच्या वेळी त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. लेखिकेने डोळे मिटले. मेहुण्याने तर ग्लासाला मान लववली.

गुण गोळा झाले तेव्हा ताई आत गेल्या. तीन नंबरला एकाहत्तर. शेरा होता, "राकट, अडाणी हातची." चार नंबरला शहाण्णव आणि सुवर्णपदक. लेखिकेने पान भरून लिहिलं होतं, की यात उन्हाने तापलेल्या डोंगरातल्या दगडाची चव आहे. ताईंनी यादी वाचून दाखवली. चार नंबर योगायोगाने खरोखरच ती फार महागडी बाटली निघाली. पाचही जण एकमेकांकडे बघून हसले, पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलांसारखे.

तीन नंबर एका म्हाताऱ्याची होती. स्वतःचा छोटा मळा, स्वतःच्या हाताने केलेली वाईन. ते आजोबा सकाळपासून बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. येताना त्यांनी ताईंना विचारलं होतं, "पाणी कुठे मिळेल?" आणि पाणी पिऊन ग्लास स्वतः विसळून ठेवला होता.

तो विसळलेला ग्लास ताईंना आता आठवला आणि राहवेना.

"साहेब, ग्लासांत बाटल्यांमधली वाईन नव्हती," त्या म्हणाल्या. "ते विसळण होतं. सगळ्या ग्लासांत, खोक्यातलं."

 अध्यक्ष हसले. "ताई, आज पत्राच्या आनंदात आहात तुम्ही. विसळण असतं तर आम्ही चार नंबर ओळखला कसा?"

ताईंनी पिशव्यांच्या दोऱ्या सोडल्या. सहाच्या सहा बाटल्या बंद होत्या.

"पण मला दगड लागला," लेखिका म्हणाल्या.

"ती खोक्याची तोटी असेल, मॅडम."

मेहुण्याने टेबलाखाली वाकून खोक्याकडे पाहिलं आणि पटकन सरळ झाला. अध्यक्ष उठले, त्यांनी दार लावून घेतलं. गाढवाला गुळाची चव काय, असं ते आयुष्यभर इतरांबद्दल म्हणत आले होते, आणि आज गाढवांची मोजदाद खोलीच्या आतच करायची वेळ आली होती.

"पुन्हा चाखू या ना," ताई म्हणाल्या. "अर्धा तास लागेल."

"आणि आधीच्या गुणांचं काय सांगायचं? ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण सगळेच माणसं आहोत. तुम्ही या बाटल्या उघडा, ओतून द्या, रिकाम्या नेहमीसारख्या मांडून ठेवा. बाकी मी बघतो." त्यांनी कारकुनाकडून पत्र मागवलं आणि सही केली. मग विचार करून खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, 'संपूर्ण सेवेत एकही चूक नाही.'

ताईंनी पत्र घेतलं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते पत्र, आणि हातात घेताना नुसती शरम वाटली. तरी त्यांनी ते घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं, कारण घरचं भाडं शरमेने भरता येत नाही.

मागच्या धुण्याच्या खोलीत त्यांनी पाच बाटल्या उघडून सिंकमध्ये रिकाम्या केल्या. शहाण्णव गुणांची पण कोणी न चाखलेली वाईनही बाकीच्यांसारखीच भोकातून गेली. तीन नंबरच्या तोंडावर लाल लाख होती आणि लाखेत अंगठ्याचा ठसा. प्रत्येक बाटलीवर आजोबा स्वतःचा अंगठा दाबत असणार. ताईंनी दोनदा चाकू टेकवला आणि दोनदा उचलला. मग बाटली पुन्हा पिशवीत घातली आणि त्या बाहेर गेल्या.

आजोबा उठून उभे राहिले. "किती आले?"

"एकाहत्तर."

"म्हणजे पुस्तिकेत नाही." ते पुन्हा बसले, टोपी उलटसुलट केली. "यंदा जमली असं वाटलं होतं मला. वय झालं. तोंडाची चव गेली असेल माझ्या."

"आजोबा, तुमची वाईन त्यांनी चाखलीच नाही."

ते हसले. "घरचेही असंच म्हणतात. बरं वाटावं म्हणून. तुम्ही चांगल्या आहात, ताई." आणि निघण्यासाठी टोपी डोक्यावर ठेवली.

ताईंनी पिशवी उतरवली आणि बाटली त्यांच्या हातात दिली. आजोबांनी लाखेकडे पाहिलं. ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला, तो बरोबर बसला. मग ते बंद दाराकडे बघत राहिले. आतून हसण्याचे आवाज येत होते, पदक कोणत्या रंगाच्या फितीत बांधायचं यावर चर्चा चालली होती.

"हे मी आत नेऊन दाखवलं तर तुमचं काय होईल?" त्यांनी विचारलं.

ताईंना घर आठवलं, यजमान आठवले, सासूबाईंची औषधांची संस्था आठवली. त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली. त्यांनी खिशातून पत्र काढून बाकावर ठेवलं आणि दुसऱ्या खिशातून बूच काढायचा स्क्रू काढला.

"चला," त्या म्हणाल्या. "ग्लास धुऊन ठेवलेत. या वेळी त्यांत काही ओतलेलं नाही."