दार उगवतीला

डेल्फीन एट्सिटीने किल्ली घेतली नाही. घरकुल ऑफिसचा लिअँडर हात पुढे करून उभाच राहिला, आणि फोटो काढायला आलेली मुलगी कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळली.

"दार उत्तरेला आहे," डेल्फीन म्हणाली.

"दार रस्त्याकडे आहे, ताई." दोघं एकाच कुळातली, त्यामुळे साहेब झाला तरी तिला ताई म्हणण्यावाचून त्याची सुटका नव्हती.

रस्ता उत्तरेला होता, हे खरं. पण आमच्या दिने या मूळनिवासी जमातीत दार उगवतीला असतं. पहाटे उठून बाहेर पडलं की सूर्य समोर यायला हवा. उत्तरेच्या बाजूने कोण बाहेर जातं, ते तोंडाने बोलत नाहीत. घरात माणूस गेला, तर उत्तरेची भिंत फोडून त्याला तिथून काढतात आणि त्या घरात पुन्हा कुणी राहत नाही. लिअँडरला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

घराचा आराखडा डेल्फीनच्या भाचीचा, त्याच ऑफिसात नोकरीला असलेल्या शांडीनचा होता. आमच्या जुन्या लाकूड-मातीच्या घरासारख्या, होगनसारख्या आठ भिंती, भिंतींच्या पोटात डेल्फीनच्याच मेंढ्यांची लोकर, दार पूर्वेला आणि मोठी काच दक्षिणेला. थंडीत खाली उतरलेला सूर्य त्या काचेतून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचला असता आणि शेगडी क्वचितच पेटवावी लागली असती. घर कारखान्यात तयार झालं, ट्रकवरून आलं, आणि ठेकेदाराने ट्रकच्या सोयीने ते रस्त्याकडे तोंड करून खांबांवर ठेवून दिलं. दार गेलं उत्तरेला, काच गेली पूर्वेला. सकाळी घटकाभर ऊन, मग दिवसभर गारठा. परंपराही गेली आणि ऊबही गेली.

ऊब हवी होती ती हॉस्कीसाठी, तिच्या नवऱ्यासाठी. जुन्या होगनमधल्या कोळशाच्या शेगडीने त्याची छाती पार कामातून गेली होती. त्या धुरात आणखी एक हिवाळा काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हॉस्कीने नवं घर लांबूनच पाहून सांगितलं होतं, की त्या दाराने जायची त्याला एवढ्यात घाई नाही.

लिअँडरने समजूत काढायचा प्रयत्न केला. ऑफिस मोठा हीटर बसवून देईल म्हणाला. भिंत फोडून दुसरं दार काढता येणार नाही, मोडतोड केली तर घर परत जाईल. सोमवारपर्यंत किल्ली घेतली नाही, तर ते दुसऱ्या कुटुंबाला मिळेल. हे सगळं तो खिडकीशी उभा राहून आतल्या वस्तू बोटाने दाखवत सांगत होता. डेल्फीन त्याच्या पायांकडे बघत होती.

"आत जाऊन दाखव ना," ती म्हणाली.

"इथून दिसतंय की सगळं."

"तू त्या दाराने आत जाऊन ये, लिअँडर. मी लगेच किल्ली घेते."

लिअँडरने टोपी काढली, परत घातली. मग सोमवारी येतो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. डेल्फीनला त्याची दया आली नाही. स्वतः ज्या दारात पाय टाकत नाही, ते दार दुसऱ्याच्या गळ्यात मारायला निघाला होता.

संध्याकाळी शांडीन आली ती रागाने लाल होऊन. ऑफिसात तिने ओरडून पाहिलं होतं. तिला सांगण्यात आलं, की दिशा ही किरकोळ बाब आहे.

"मावशी, घर आठ बाजूंचं आहे," ती म्हणाली. "दोन भिंतींएवढं फिरवलं तर त्याच खांबांवर बरोबर बसेल. पाणी नि वीज अजून जोडलेली नाही. एक खिळासुद्धा काढावा लागणार नाही."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. दार मी पूर्वेला काढलं होतं. माझ्या नावावर उत्तरेचं दार खपवून नाही घेणार."

हॉस्की कोपऱ्यातून हसला आणि हसता हसता खोकला. अर्धं आयुष्य त्याने रेल्वेचे रूळ उचलण्यात घालवलं होतं, इथल्या निम्म्या पुरुषांसारखं. बऱ्याच दिवसांनी त्याला कुणाला तरी हुकूम सोडायची संधी मिळत होती.

रविवारी सकाळी पिकअप गाड्या येऊन लागल्या. जॅक आले, रुळांखालचे जाड लाकडी स्लीपर आले, दोर आले. डेल्फीनने मेंढीची चरबी वितळवून पातेलंभर तयार ठेवली होती, ती स्लीपरांवर फासली. बायकांनी चुलीवर मटण चढवलं. हॉस्की अंगावर घोंगडी घेऊन खुर्चीत बसला आणि हाताच्या खुणांनी त्याने घर उचलायला लावलं. घर उचललं गेलं, हललं, सरकलं, आणि अर्ध्यात अडकलं.

आतून करकर आवाज आला. सगळे थांबले. दार ना उत्तरेला होतं ना पूर्वेला. हे कोसळलं, तर घरही जाणार, हिवाळाही अंगावर येणार, आणि शांडीनच्या नोकरीचंही वाटोळं होणार. हॉस्की ओरडायला गेला, पण त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो खुर्चीतच वाकला. त्या खोकल्याने डेल्फीनची भीती पळाली, नुसता संताप उरला. तिने पातेलं उचललं, उरलेली चरबी अडकलेल्या कोपऱ्याखाली ओतली आणि भिंतीला खांदा लावला.

"ओढा," ती म्हणाली. "मी बाजूला होणार नाही."

सगळ्यांनी ओढलं. घर कण्हलं आणि फिरलं.

सोमवारी लिअँडर आला तेव्हा रस्त्याकडे कोरी भिंत होती. तो घराला वळसा घालून पूर्वेला आला. दार उघडं होतं. घराला आशीर्वाद म्हणून डेल्फीनने आतल्या चारी दिशांना मक्याचं पांढरं पीठ लावलं होतं. हॉस्की मागच्या भिंतीशी बसला होता. दक्षिणेच्या काचेतून आलेलं ऊन त्याच्या मांडीवर पडलं होतं, आणि शेगडी थंडच होती.

लिअँडरने वाकून घराखालचे खांब पाहिले. मग म्हणाला, की हे त्याला वर कळवावं लागेल. घर परत नेतीलही.

"नेऊ देत," डेल्फीन म्हणाली. "पण आधी ट्रक घेऊन येणाऱ्याने या दाराने आत यायचं आणि ह्याला तोंडावर सांगायचं, की ऊठ. तू सांगतोस?"

लिअँडरने हॉस्कीकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, उंबरा ओलांडला, आणि आत आल्यावर रीतीप्रमाणे डावीकडून, सूर्याच्या चालीने, हळूहळू फिरत हॉस्कीच्या शेजारी येऊन बसला. खिशातली किल्ली काढून त्याने दोघांच्या मध्ये उन्हात ठेवली.

"ताई, मी कळवू काय पण?" त्याने विचारलं.

"घर जागच्या जागी आहे म्हणून कळव," डेल्फीन म्हणाली, आणि त्याच्यासाठी कॉफी ओतली.