पेटीच्या दारातलं नाव

नागसेननं सर्व्हर पुन्हा एकदा बंद करून चालू केला आणि काकासाहेबांकडं बघायचं टाळलं.

काकासाहेब खुर्चीत बसून हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होते. जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरच्या याच खोलीतून त्यांनी अर्धी हयात केबलचं लोकल चॅनल चालवलं. आता जो तो मोबाइल बघतो. चॅनल बंद पडलं, आणि आज संध्याकाळी खोलीची किल्ली मालकाला द्यायची होती. विकण्यासारखं सगळं विकून झालं होतं. उरला होता हा सर्व्हर आणि भिंतीकडेची डिस्कांची पेटी. त्या पेटीत तुळजाबाई होत्या. त्या काकासाहेबांच्या बायको; रोज सांजेला चॅनलवर मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, भाव वाचायच्या. भाव झाले की दोघं खोलीला कुलूप लावून सोबतच घरी जायचे. बाई जाऊन आता काही वर्षं झाली, आणि त्यांचा आवाज एवढ्या एकाच जागी उरला होता.

"दिसंना का रे?"

"बघून राह्यलो, काकासाहेब."

बघण्यासारखं काही नव्हतं. नागसेन याच खोलीत काम शिकला, आता संभाजीनगरला मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो. सगळं रेकॉर्डिंग नव्या हार्डडिस्कवर उतरवून द्यायला तो मुद्दाम आला होता. जुनी सिस्टीम ती हार्डडिस्क ओळखेना, म्हणून आल्या आल्या त्यानं ती सिस्टीमच पुसली आणि नवी टाकली. शहाणपणा नडला. नवी सिस्टीम झकास चालली, नेटवर्क लागलं, पेटीपर्यंत हाकही पोचत होती. पण पेटी काही आत घेईना. आपल्याकडं गावात परका माणूस शिरला की "कुणाचा रे तू?" म्हणून विचारतात, तशी ही पेटी आधी नाव विचारते. नाव बराबर असलं तरच दार उघडते. आणि ते नाव जुन्या सिस्टीमसंगं आपणच पुसलं, एवढंच नागसेनच्या डोक्यात घोळत होतं.

"काकासाहेब, माझ्याकडून गडबड झाली."

काकासाहेबांच्या बोटावरची वायर थांबली.

"गेलं का मंग सगळं?"

"न्हाई सांगता येत."

ते उठले, खिडकीशी गेले. खाली ऑटोवाले एकमेकांशी हुज्जत घालत होते. तिकडं बघतच ते भलत्याच गोष्टीवर बोलल्यासारखे बोलले.

"तुझी काकू लई हसायची या मशीनला. तू आपला म्हणायचा, तारेतून काहीच जाऊन न्हाई राह्यलं, आकडा शून्य हाये. अन् तिकडं टीव्हीवर तिचे भाव सुरू."

नागसेनचा हात कीबोर्डवरच राहिला. खरंच की. शून्य असायचा तो आकडा. कारण डिस्कांवरच्या रेकॉर्डिंगची ये-जा सिस्टीमच्या नेटवर्कमधून कधी व्हायचीच नाही. सर्व्हरात बसवलेलं, हैदराबादहून जुनंच आणलेलं एक भारी कार्ड सगळं परस्पर करायचं. त्याचा पत्ता वेगळा, पेटीशी बोलणं वेगळं, सिस्टीमला आयती डिस्क मिळायची. मग नाव सिस्टीमकडं असेलच कशाला? ते कार्डातच असणार. नव्या सिस्टीमनं या कार्डाला साधं नेटवर्कचं कार्ड समजून तेवढाच ड्रायव्हर लावला होता. डिस्कांचं काम जागं करणारा दुसरा ड्रायव्हर झोपलेलाच होता.

त्यानं सर्व्हर चालू करता करताच कळा दाबून कार्डाचा स्वतःचा पडदा उघडला. पेटीला सांगायच्या नावाची लांबलचक ओळ होती, आणि तिच्या शेवटी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, तुळजाबाई.

ती दुपार त्याला लख्ख आठवली. काकासाहेब तीर्थपुरीला गेल्ते, काकू डबा घेऊन आल्त्या. कार्ड नाव मागत होतं. काकू, कुणाचं टाकू? टाक कुणाचंबी, आधी जेव. तोंडात घास असतानाच त्यानं त्यांचं नाव टाकलं, आणि पुढं विसरूनही गेला.

काकासाहेब पडद्यापाशी वाकले.

"म्हंजी रोज सकाळी मी बटन दाबलं की..."

"आधी काकूचं नाव जायचं. मंग पेटी उघडायची."

"ती गेल्यावर बी?"

"रोज."

काकासाहेब हळूच खुर्चीत बसले. नागसेन म्हणाला,

"हेच नाव नव्या सिस्टीमला सांगतो. जल्दी होईल."

"नको. त्या कार्डालाच तिचं नाव घेऊ दे."

नागसेननं दुसरा ड्रायव्हर जागा केला. पेटीचे दिवे लुकलुकले आणि रेकॉर्डिंगची रांग पडद्यावर उतरली. काकासाहेबांनी हेडफोन कानाला लावला. आज मोंढ्यात सोयाबीनची आवक बरी होती, तुळजाबाई सांगत होत्या. ते डोळे मिटून ऐकत राहिले. डोळे पुसायचं त्यांना भान नव्हतं.

सगळं उतरून होईस्तोवर ऊन कलंडलं. नागसेननं हार्डडिस्क पुढं केली.

"ही अर्पिताला धाड पुण्याला. पोरीला आईचा आवाज पाहिजे होता."

"अन् तुम्हाला?"

काकासाहेबांनी सर्व्हरकडं बोट केलं. "ते कार्ड काढून दे मला."

"त्याच्यात आवाज न्हाई, काकासाहेब."

"माहीत हाये."

नागसेननं स्क्रू काढले, कार्डावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली आणि ते त्यांच्या हातावर ठेवलं. काकासाहेबांनी ते आतल्या खिशात सरकवलं. दिवे बंद केले, दार ओढलं, आणि कुलूप लावता लावता रोजच्या सवयीनं म्हणाले,

"चल गं, उशीर झाला."

नागसेन मागंच थांबला. जिन्यावर त्यानं त्या दोघांना पुढं जाऊ दिलं.